रॉकेटच्या लांबीचं काचघर

लुगोव्हॉय छावणीत एवढं लांबलचक काचघर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं आणि एवढं लांब असायचं काही कारणही नव्हतं. क्लारा इग्नात्येव्हनाच्या नवऱ्याला, येफीमला, चांगलं लोखंड कापवत नसे, एवढंच. रॉकेट वाहणाऱ्या गाड्यांवरची जुनी शेड मोडीत निघाली, तेव्हा येफीमनं वर्कशॉपच्या साहेबाला बाटली पोचवली आणि शेडचा सांगाडा घरामागे आणून टाकला.

"अर्धा कर," क्लारा म्हणाली होती. "अर्ध्यातही काकड्या-टोमॅटो मावतील."

"कापायला काय लागतं? जोडणाऱ्याला विचार," येफीम म्हणाला. त्यानं आख्खा सांगाडा जसाच्या तसा उभा केला आणि पाडलेल्या बराकींच्या खिडक्यांच्या काचा त्यावर बसवल्या. अणुबॉम्ब पाठीवर घेऊन जंगलात हिंडणाऱ्या गाडीच्या मापाचं घर अशा रीतीनं टोमॅटोंना मिळालं.

क्लारा इग्नात्येव्हना शुबिना छावणीच्या शाळेत भूगोल शिकवायची. छावणीतल्या निम्म्या ड्रायव्हरांना अमेरिका नकाशावर कुठे आहे ते तिनंच दाखवलं होतं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते पुढे कामाच्या ठिकाणीच उपयोगी पडलं. आता ती निवृत्त होती. पण निवडणूक शाळेत होते आणि शाळेत मास्तरणीच असतात, म्हणून मतदान केंद्राची प्रमुख अजून तीच. एकच उमेदवार असायचा त्या काळातही तिनं मतं मोजली होती. निकाल आधीच ठाऊक असताना रात्र होईपर्यंत मोजत बसायची कला ज्यांनी साधली त्यांनाच कळेल. कागदावर दोन नावं यायला लागली, तेव्हा क्लारानं मनाशी एक ठरवलं होतं: आता मोजायचंच आहे तर खरं मोजायचं. ही गोष्ट ती कुणाला सांगत नसे. चांगलं लोणचं घालणारी बाई मिठाचं प्रमाण सांगत फिरते का?

काचघर मात्र तिच्या सगळ्या वर्षाचा आधार होतं. ऑगस्टमध्ये तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसे. बरण्या उकळत, झाकणं बसत. शहरात राहणाऱ्या मुलीचा संसार हिवाळाभर त्या बरण्यांवर चाले. पेन्शन वेळेवर आली तर चांगलंच. टोमॅटो मात्र वेळेवर यायचेच.

आता अमेरिकेशी झालेल्या कराराचं बघा. करार असा होता की ज्या इमारतीत रॉकेट मावू शकतं ती इमारत पाहुण्यांना आतून दाखवायची. मापं बघून पाहुण्यांनी बोट ठेवलं ते नेमकं क्लाराच्या काचघरावर. गेल्या उन्हाळ्यात एक उंच, उन्हानं लाल मान झालेला अमेरिकन टेप घेऊन आत शिरला. बरोबर दुभाषी पोरगी, मागे छावणीचा उपकर्नल रोगाचोव्ह आणि त्याच्यामागे घाम. अमेरिकनानं लांबी मोजली, उंची मोजली, टोमॅटोच्या पानांखाली वाकून पाहिलं आणि शिंकला.

"ते विचारताहेत, इथे दुसरं काही ठेवता का?" दुभाषी म्हणाली.

"बादली," क्लारा म्हणाली.

त्यानं तेही लिहून घेतलं. जाताना क्लारानं त्याला काकडी दिली. ती खायला परवानगी आहे का, हे त्यानं आधी आपल्या साहेबाला विचारलं. दोन महासत्तांमध्ये विश्वास वाढतो तो असा.

त्या दिवसापासून रोगाचोव्हच्या डोळ्यात ते काचघर खुपायला लागलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मुलाला क्लारानं दोनदा नापास होता होता वाचवलं होतं. पण वरून कुणीतरी काहीतरी विचारेल, या एकाच भीतीवर त्याची अख्खी नोकरी उभी होती.

मे महिन्यात रोपं गुडघ्याएवढी झाली आणि तो दारात येऊन उभा राहिला.

"बाई, हे काढावं लागेल. पुन्हा पाहणी येईल. नाहीतर ते उपग्रहासाठी छपरं उघडायला सांगतील. आमच्या शेडची छपरं सरकवून गाड्या आभाळाला दाखवायच्या, आणि शेजारी तुमचं हे. वॉशिंग्टनमध्ये बसलेला माणूस काय म्हणेल?"

"म्हणेल, रशियात टोमॅटो होतात."

"थट्टा नको हो."

"मग अर्धं काढते. अर्ध्यात रॉकेट मावत नाही."

रोगाचोव्हनं खरंच विचार केला; ते त्याच्या कपाळावर दिसलं. "नाही चालणार. आता त्याची नोंद झालीय. अर्धं केलं तर विचारतील, उरलेलं कुठे लपवलंत? पुरतं पाडलं तर नष्ट केलं असं दाखवता येतं. नष्ट करण्याची पद्धत ठरलेली आहे. अर्धं करण्याची नाही."

येफीम आतून ओरडला, "टोमॅटो नष्ट करायची पण पद्धत आहे का? मीठ आणि काळी मिरी!"

रोगाचोव्ह महिन्याभराची मुदत देऊन गेला.

त्याच आठवड्यात एदुआर्द त्सिप्लाकोव्ह चहाला आला. याची ओळख करून द्यायची तर जरा मागे जावं लागेल. पूर्वी हा छावणीत पक्षाचा राजकीय अधिकारी होता. हातात छडी घेऊन अमेरिकन साम्राज्यवादावर व्याख्यानं द्यायचा आणि जो पेंगेल त्याचं नाव टिपून ठेवायचा. पक्ष गेला तसा तो लोकशाहीवादी झाला. लोकशाही जरा थंडावली तेव्हा त्यानं लाकडाचा व्यापार केला. आता तो राष्ट्रपतींच्या प्रचाराचा जिल्ह्यातला माणूस होता आणि पेनं, कॅलेंडरं वाटत फिरत होता. तेरड्याला निदान तीन दिवस एक रंग टिकवता येतो.

क्लारानं चहा ओतला, करवंदासारख्या आंबट रानबेरींचा मुरंबा पुढे ठेवला. त्सिप्लाकोव्हनं तो चमच्यानं सरळ तोंडात घातला.

"क्लारा इग्नात्येव्हना, तुमच्या काचघराचं ऐकलं. वाईट वाटलं."

"वाईट वाटायला अजून महिना आहे."

"रोगाचोव्ह माझ्या शब्दाबाहेर नाही. मी सांगितलं तर तो ते काचघर विसरेल. पण मलाही वर तोंड दाखवायचंय ना? लुगोव्हॉयमध्ये म्हणे सगळे कम्युनिस्टांकडे झुकलेत. तुमच्या केंद्राचा आकडा जरा नीट आला पाहिजे."

"आकडा लोक आणतात."

"लोक कागद आणतात. आकडा तुम्ही आणता." त्यानं चमचा चाटला. "पेटी काही बोलत नाही, बाई."

"पूर्वी तुम्ही शिकवायचात की अमेरिकेतली निवडणूक म्हणजे नुसता तमाशा असतो."

"आम्हीही काही कमी शिकलो नाही त्यांच्याकडून," त्सिप्लाकोव्ह मोकळेपणानं हसला. असल्या माणसाचा अपमान करणं कठीणच. तो त्यालाही पाहुणचार समजतो.

क्लारानं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही, कारण तो उत्तराची वाट न बघताच उठला. दार लागल्यावर येफीम म्हणाला, "काय करणार?"

"मोजणार."

"मोजशीलच गं. पण काय मोजशील?"

त्याच्याकडे न बघता ती काचघरात गेली आणि रोपांना काठ्या बांधत बसली.

मतदानाच्या दिवशी शाळेत नेहमीची जत्रा होती. खालच्या वर्गात स्वस्त पिरोझ्की, म्हणजे कोबी-बटाटा भरलेले पाव, आणि बिअर, दारात अकॉर्डियनवाला. लोक आधी पिरोझ्की घेत, मग मत देत, मग उरलेली पिरोझ्की पिशवीत भरत. अंथरुणावरच्या म्हाताऱ्यांकडे हातात धरायची छोटी पेटी घेऊन क्लारा स्वतः फिरली. एका आजीनं मत दिल्यावर विचारलं, "कुणाला दिलं म्हणायचं?" क्लारा म्हणाली, "ते तुम्हालाच माहीत." आजी बराच वेळ विचार करत राहिली.

जूनमध्ये तिथला उजेड जायचं नाव घेत नाही. संध्याकाळी लख्ख प्रकाशातच पेटी उघडली. क्लाराला वाटलं होतं की कम्युनिस्टांचा ढीग उंच होईल, आपण तो तसाच लिहू आणि काचघर जाईल. ती तयारी तिनं मनात करून ठेवली होती. मुलीला कसं सांगायचं तेही ठरवलं होतं. पण ढीग उंच झाला तो राष्ट्रपतींचा. तिनं पुन्हा मोजलं. मदतीला बसलेल्या संगीताच्या मास्तरणीला मोजायला लावलं. तेवढाच. क्लारानं सही केली आणि जन्मात पहिल्यांदा तिला खऱ्या आकड्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्सिप्लाकोव्ह चॉकलेटचा डबा घेऊन आला.

"मानलं तुम्हाला, बाई. आणि किती सफाईनं. फार वर नाही, फार खाली नाही."

"मी काहीच केलं नाही. लोकांनीच दिली मतं."

"असंच म्हणायचं," तो म्हणाला आणि त्यानं डोळा मिचकावला.

दुधाच्या टाकीपाशी रांगेत नेल्ली भेटली. नेल्ली झारिकोवा ही ड्रायव्हरची बायको आणि क्लाराची जुनी मैत्रीण. कुंपणाला लागून तिचं कोंबड्यांचं खुराडं होतं आणि जिभेला कुंपण नव्हतं.

"राष्ट्रपतींचे टोमॅटो कसे आहेत गं?" तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

रांग हसली. त्या हसण्यात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. 'बाईंनी स्वतःचं भागवून घेतलं, आपणही घेतलं असतं,' असं ते समजूतदार हसणं होतं. क्लारानं घरी येऊन दुधाचं भांडं ओट्यावर आपटलं.

"सगळ्यांना वाटतंय मी मतं फिरवली."

येफीम वर्तमानपत्रामागून म्हणाला, "मग खरंच नाही ना फिरवलीस?"

त्या दिवशी शुबिनांच्या घरात जेवण झालं ते फक्त पोटासाठी.

पहिल्या फेरीत देशभरात कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नव्हती, म्हणून जुलैच्या सुरुवातीला दुसरी फेरी आली. बुधवार होता, पण सरकारनं त्या दिवशी सुट्टी दिली. रविवारी ठेवली असती तर लोक आपापल्या बटाट्याच्या शेतावर गेले असते. या वेळी क्लारानं दुकानाच्या दारावर स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: मोजणी उघड्या दारानं होईल, ज्याला बघायचं असेल त्यानं यावं. उरलेली पिरोझ्की मोजणी बघणाऱ्यांना फुकट, असंही खाली लिहिलं. तिला आपले लोक ठाऊक होते.

छावणीतले बरेच जण आले. भूगोलाच्या वर्गात, जगाच्या नकाशाखाली, तिनं एक एक कागद दोन्ही हातांत उंच धरला, नाव वाचलं, समोरच्यांना दाखवलं आणि ढिगावर ठेवला. शाळेत शिकवताना तिनं एवढा मोठा आवाज कधी लावला नव्हता. राष्ट्रपती. राष्ट्रपती. कम्युनिस्ट. राष्ट्रपती. दोघेही नकोत. राष्ट्रपती. लोक पिरोझ्की चावत बघत होते. ढीग वाढत गेला तसं चावणं मंदावलं. मागच्या बाकावर नेल्लीचा नवरा बुटांकडे बघत बसला होता. रोगाचोव्हची बायको खिडकीबाहेर बघत होती. शेवटचा कागद ठेवून झाला, तेव्हा वर्गात कुणी कुणाकडे बघेना.

मग नेल्ली म्हणाली, "डोळ्यांदेखत. सर्कशीतल्या माणसालाही जमणार नाही, क्लारा."

आणि तिनं टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या, फार मोठ्यानं. माणसाची सुटका झाली की तो वाजवतो तशा.

परतताना क्लारानं तिला रस्त्यात गाठलं.

"तुझ्याकडे चहाला आला होता का तो?"

"कोण?"

"त्सिप्लाकोव्ह."

"आला होता. मग? तो सगळ्यांकडेच आला होता. खुराडं सरकारी कुंपणाला टेकलंय म्हणाला, शेजारच्या पेत्रोव्हनाबाईंना तळघराचं म्हणाला, पलीकडच्यांना गॅरेजचं." नेल्लीनं पदराला हात पुसावा तसा रुमालाला पुसला. "पण मत मी माझ्या मनासारखंच दिलं हं."

"मनासारखं म्हणजे कुणाला?"

"अगं, मतदान गुप्त असतं ना."

क्लारा रस्त्यातच थांबली. आता तिला सगळं नीट दिसलं, काचेतून दिसतं तसं. प्रत्येक घरानं आपापलं खुराडं वाचवलं होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच वाकलो. आणि इतके जण वाकलेले दिसल्यावर हे मान्य करण्यापेक्षा क्लारानं हातचलाखी केली, असं मानणं सगळ्यांना सोयीचं होतं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात; इथे अख्ख्या वसाहतीनं आपलं चांदणं तिच्या अंगणात आणून ओतलं होतं.

येफीमला तिनं हे सांगितलं. तो वर्तमानपत्राची घडी घालू लागला. मग म्हणाला, "मीही राष्ट्रपतींनाच दिलं."

"का?"

"काचघर," येफीम म्हणाला.

त्यावर रागवायचं की हसायचं हे तिला कळेना, म्हणून तिनं त्याला कांदे सोलायला दिले.

ऑगस्टच्या सुरुवातीला रोगाचोव्ह पुन्हा दारात. टोमॅटो हिरवे, टपोरे, घोस वाकलेले.

"छपरं उघडायची मागणी आलीय, बाई. आता खरंच काढा. तुमचं निवडणुकीचं ते माझ्या कानावर आलं होतं, पण निवडणूक झाली."

"तुम्ही त्सिप्लाकोव्हना शब्द दिला होता ना?"

"त्यांनी माझ्याकडून घेतला होता. आता ते राज्यपालांकडे आहेत. त्यांनाच विचारा, त्यांनी सांगितलं तर मी आंधळा."

क्लारा शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकेच्या खोलीतून फोन लावला. त्सिप्लाकोव्ह लगेच फोनवर आला, आवाज आणखी जाड झालेला.

"अहो, तुमच्यासाठी काय नाही करणार. डिसेंबरात राज्यपालांची निवडणूक आहे. मागच्यासारखंच करा, बास. रोगाचोव्हला मी आत्ता फोन करतो."

क्लारानं मनात हिशेब केला. मागच्यासारखं म्हणजे काहीच नाही. मागच्या वेळी तिनं काहीच केलं नव्हतं. हो म्हणायला काय जात होतं? डिसेंबरात लोक पुन्हा आपापल्या खुराड्यांसाठी कागद टाकतील, ती पुन्हा खरंच मोजेल, आकडा पुन्हा साहेबाला हवा तसाच येईल. तिच्या बरण्या भरतील. एका शब्दाचा सवाल होता, आणि तो शब्द खोटासुद्धा नव्हता.

"मागच्या वेळी मी काही केलं नव्हतं," ती म्हणाली.

"हो हो. तसंच."

"नाही, नीट ऐका. लोकांनी घाबरून मतं दिली आणि मी ती मोजली. पुढच्या वेळी ते घाबरले नाहीत, तर मी तेही मोजेन आणि जसंच्या तसं लिहीन. हे ऐकून मग रोगाचोव्हना फोन करा."

मग त्सिप्लाकोव्हनं खऱ्या कुतूहलानं विचारलं, "मग मी तुमचं काचघर कशासाठी वाचवलं?"

"मलाही तेच विचारायचं होतं," क्लारा म्हणाली आणि फोन ठेवला. मुख्याध्यापिका कपाटात काहीतरी शोधण्यात एकदम गढून गेली होती.

शिपाई गॅस कटर घेऊन आले तेव्हा येफीमनं त्यांना फाटकातच अडवलं. काचा त्यानं एकेक करून स्वतः उतरवल्या आणि सांगाड्याचा प्रत्येक बोल्ट पान्यानं सोडवला. क्लारा हिरवे टोमॅटो बादल्यांत काढत राहिली. रोगाचोव्ह उन्हात उभा राहून नष्ट होण्यावर देखरेख करत होता. सगळं झाल्यावर त्यानं लोखंड मैदानात पसरून ठेवायला लावलं. उपग्रहाला दिसलं पाहिजे, नाहीतर नष्ट झालं हे कसं कळणार? दोन दिवस टोमॅटोच्या घराच्या बरगड्या आभाळाकडे बघत पडल्या होत्या. शेजारी छपरं उघडून बसलेली खरी रॉकेटं होती, धडधाकट, कुणी हातही न लावलेली. नेल्लीच्या कोंबड्या त्या बरगड्यांवर चढून बसत. वॉशिंग्टनच्या फोटोत त्याही आल्या असतील.

हिरवे टोमॅटो तिकडे पिकवतात ते हिवाळ्याच्या लोकरी बुटांत. अंधार आणि ऊब, दोन्ही मिळतं. क्लारानं घरातले सगळे लोकरी बूट माळ्यावरून काढले, टोमॅटो आत भरले आणि पलंगाखाली रांगेनं उभे केले. बूट संपले, टोमॅटो संपेनात. ती येफीमचा मासेमारीचा बूट भरत होती तेवढ्यात नेल्ली आली. दारात अडखळली, मग खाली तिच्याजवळ बसली आणि तिनंही एक बूट भरायला घेतला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला एक सांग, खरं सांग. जास्त मागितलंस ना त्याच्याकडे?"

"काय?"

"त्सिप्लाकोव्हकडे. डिसेंबरसाठी. तुझं काचघर पाडलं आणि आमचं काहीच नाही, म्हणजे तू जास्त मागितलंस. थोडक्यात आटपायचं गं, क्लारा. हा लोभ कशाला?"

क्लारानं तिच्याकडे बघितलं. नेल्लीच्या डोळ्यांत माया होती, अगदी खरी. आपल्या मैत्रिणीचा सौदा फिसकटला याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. क्लाराला हसू आलं ते पोटातून, आणि ते आवरेपर्यंत टोमॅटो तिच्या मांडीवरून पलंगाखाली घरंगळत गेले.

"घे," ती शेवटी डोळे पुसत म्हणाली आणि भरलेला बूट तिच्या हातात दिला. "लाल झाले की मीठ लावून खा. आणि डिसेंबरात मत मनासारखं दे."

"देईन की," नेल्ली म्हणाली. बूट छातीशी धरून ती उठली आणि दारातून वळून म्हणाली, "मोजणीला पिरोझ्की ठेवशील ना पण?"